एक्स्ट्रा मॅडम

माझा गणिताचा तास आणि तिचा इंग्रजीचा तास बहुतेक वेळा शेजारीशेजारी यायचे. मध्ये एक पातळ भिंत. मी फळ्यावर समीकरण मांडून मुलींकडे वळावं, तोच पलीकडून आवाज सुरू व्हावा. आधी टाळ्या, मग बाकांवर थापा, मग सगळ्या वर्गाचा एकच गजर: “एक्स! ट्रा! ऑर! डि! ने! रि! ली!” माझ्या मुली माना खाली घालून हसू दाबायच्या. मी डस्टर टेबलावर आपटायची. फारच झालं की रागारागानं उठून पलीकडे जायची आणि दारातच थबकायची. आत मीनाक्षी तायडे वर्गभर फिरत असायची. ओढणी कमरेला बांधलेली, एका हातात खडू आणि दुसरा हात हनुवटीखाली. तिच्यासारखेच सगळ्या मुलींचे हात हनुवटीखाली.

“सॉरी ताई, दोन मिनिट,” ती म्हणायची. “शब्द मोठा आहे ना, तर आवाज पण मोठा होऊन जातो.”

आमची शाळा बुऱ्हाणपुरातली, मुलींची, सरकारी. माध्यम हिंदी, पण निम्म्या मुली घरी मराठी बोलणाऱ्या. काहींच्या घरात पॉवरलूमचा खटखटाट, काहींचे वडील तापीकाठी केळी लावणारे, आणि वसतिगृहातल्या मुली खकनारकडच्या गावांतून आलेल्या. मीनाक्षी आमच्याकडे अतिथी शिक्षक होती. अतिथी शिक्षक म्हणजे रिकाम्या जागेवर सत्रापुरतं बोलावलेलं माणूस. सत्र संपलं की घरी. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा अर्ज, पुन्हा यादी, पुन्हा वाट पाहणं. मध्येच त्या जागेवर कुणी कायमचा शिक्षक बदलून आला, तर त्याच दिवशी अतिथीनं निघायचं. मीनाक्षी अशी वर्षानुवर्षं येत होती. कुणी रजेवर असलं की त्याचा एक्स्ट्रा तास तिच्याकडे जायचा, म्हणून आमचा शिपाई तिला ‘एक्स्ट्रा मॅडम’ म्हणायचा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तीही “हां भैया” म्हणून ओ द्यायची.

ती नेपानगरहून सकाळच्या पॅसेंजरनं यायची. वडील तिथल्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. महाराष्ट्रातून तरुणपणी आले आणि तिथलेच झाले. आई नव्हती. घरात बापलेक दोघंच. बाकी तिच्या घरचं मला फारसं माहीत नाही. विचारायला ती सापडायचीच कुठे? स्टाफरूममध्ये चहा आला की ती कप घेऊन खिडकीशी जायची, दोन घोट झाले की दाराशी, तिथून पाण्याच्या टाकीशी. चालताचालता चहा संपायचा. बसली तर एक पाय सारखा हलत राहायचा. शेवटी आमच्या वरिष्ठ बाई म्हणायच्या, “तायडे, तुझ्या पायानं माझं टेबल हलतंय गं.”

आम्हां सगळ्यांची स्टाफरूममध्ये कपाटं होती. त्यांत आमचे डबे, छत्र्या, जुन्या उत्तरपत्रिका, कुणाची शाल, कुणाची देवाची तसबीर. मीनाक्षीला एक खण देऊ केला होता. तिनं तो कधी वापरला नाही. सगळं सामान खांद्यावरच्या पिशवीत. खडूचे रंगीत तुकडे, पाण्याची बाटली, पाठ उसवली म्हणून दोऱ्यानं शिवलेली जाडी डिक्शनरी. रोज आणायची, रोज परत न्यायची. मी एकदा म्हटलं, “अगं, ते ओझं तरी इथं ठेव.”

“ठेवलं की एक दिवस काढावं लागतं ताई,” ती म्हणाली. “आणि काढताना सगळे बघतात.”

हे बोलून ती हसली आणि लगेच काहीतरी आठवल्यासारखी बाहेर निघून गेली. तोवर मी तिला नुसतीच चंचल समजत होते.

तिची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. मुलींना इंग्रजीची भीती नसते, लांब शब्दाची असते, असं तिचं म्हणणं. “ताई, ‘कॅट’ला कोण भितं? भीती कुठं वाटते, जिथं शब्दाचं शेवटचं टोक दिसत नाही तिथं.” म्हणून ती मुद्दाम सगळ्यांत लांब शब्द निवडून आणायची. त्यातही तिचा जीव क्रियाविशेषणांवर. कारण त्यांच्या शेपटाला ‘ली’ लागलेली असते आणि पोटात दोन-तीन शब्द लपलेले असतात. शब्द फळ्यावर लिहायचा आणि तो दोनदा तोडायचा. आधी तोंडासाठी, मग अर्थासाठी.

तोंडासाठी तोडायचे ते घास. वर्गात हिंदीत ती त्यांना ‘कौर’ म्हणायची. हात हनुवटीखाली धरायचा आणि शब्द सावकाश बोलायचा. हनुवटी जितक्यांदा हाताला लागेल तितके घास. मुलींना हे इतकं आवडलं की रस्त्यानं जाताना, चौकातल्या पाट्या वाचताना, त्या हनुवटीला हात लावून पुटपुटत चालायच्या. एकदा एका मुलीची आई शाळेत आली, चिंतेत. म्हणे, “मॅडम, मेरी लड़की के दाँत में कुछ है क्या? दिनभर जबड़ा पकड़ के घूमती है.” मीनाक्षीनं तिलाही खुर्चीवर बसवलं, तिचाच हात तिच्या हनुवटीखाली ठेवला आणि ‘बुऱ्हाणपूर’ म्हणायला लावलं. बाई मोजून थक्क झाली आणि हसत घरी गेली.

अर्थासाठी तोडायचे ते सांधे. “घास कुठंही पडतो,” ती म्हणायची, “पण सांधा जिथं आहे तिथंच सुटतो. केळीच्या घडाची फणी कशी सुटते? वाटेल तिथं सुरी चालवली तर केळं कापलं जातं.” घास आणि सांधे एका जागी येतीलच असं नाही, हे तिला मुलींच्या अंगी भिनवायचं होतं. तोंडाला सोपं जातं ते एक, आणि शब्द ज्याचा बनला आहे ते दुसरं.

ममता तिच्या बारावीच्या वर्गात होती. डोईफोडिया गावची मुलगी, वसतिगृहात राहणारी, उंच, अबोल. इंग्रजीत एकदा नापास होऊन पुन्हा बसलेली. तिच्या वडलांनी वसतिगृहाच्या दारात सगळ्यांसमोर सांगितलं होतं की हे शेवटचं वर्ष. या वेळी राहिली तर घरी न्यायची, पोरगा पाहून ठेवलेला आहे. ममता वाचताना लहान लहान शब्द वाचायची आणि लांब शब्द आला की त्याला वळसा घालून पुढच्या शब्दावर उतरायची. इतक्या सफाईनं की नुसतं ऐकणाऱ्याला कळायचंही नाही. मीनाक्षीच्या मात्र पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तिनं ममताला रागावलं नाही. फक्त म्हणाली, “जिथून वळालीस ना, तिथं पेन्सिलीनं एक टिंब दे.” तासाच्या शेवटी ममताचं पान टिंबांनी भरलेलं असायचं.

‘एक्स्ट्राऑर्डिनरिली’ फळ्यावर आला त्या दिवशी मी दारात उभी होते, तक्रार करायला आलेली. शब्द डावीकडून उजवीकडे अख्खा फळा व्यापून बसला होता. घास करून झाले होते. आता सांध्यांची पाळी होती. तेवढ्यात ममतानं हात वर केला. वर्ग वळून बघायला लागला, कारण ती कधी काही विचारायची नाही.

“मॅडम, एक्स्ट्रा मतलब ज्यादा ना?”

“हां.”

“और ऑर्डिनरी मतलब साधारण. तो फिर ये तो ज्यादा ही साधारण हो गया. एकदम मामूली.”

सगळा वर्ग हसला. मीनाक्षी हसली नाही. तिनं खडू टाकला, ममताच्या बाकापर्यंत गेली, परत फळ्याशी आली, पुन्हा बाकाशी गेली. “बरोबर,” ती मराठीतच म्हणाली, ममता मराठी समजणारी होती म्हणून. “एकदम बरोबर विचारलंस. मी इतकी वर्षं शिकवते, हे कुणी विचारलं नाही.” मग तिनं पिशवीतून डिक्शनरी काढली आणि उभ्याउभ्याच पानं उलटली. ‘एक्स्ट्रा’चा जुना अर्थ ‘जास्त’ नाही, ‘बाहेर’. ‘ऑर्डिनरी’च्या पोटात ‘ऑर्डर’ आहे, म्हणजे रांग, क्रम, ठरलेली चाल. रांगेच्या बाहेरचं, ते एक्स्ट्राऑर्डिनरी. आणि ‘ली’ लागली की तसं वागणं, तसं घडणं.

“रांगेच्या बाहेर,” ममता म्हणाली.

“हां. बाहेर असलं म्हणजे जास्त झालं, फालतू झालं, असं नाही.” हे मीनाक्षी जरा जोरातच म्हणाली. मग एकदम माझ्याकडे बघून, “ताई, माझा आवाज होतोय का?”

मी परत माझ्या वर्गात गेले.

याच शब्दावरून दुबे सरांशी तिचं वाजलं. दुबे सर संस्कृतचे. निवृत्तीला आलेले, धोतर नव्हे पण धोतर नेसल्यासारखे चालणारे, आणि इंग्रजीला ते भाषा मानत नसत. “बिना नियम की बोली,” असं त्यांचं मत. त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी सहज विचारलं की ह्या शब्दाचे घास किती. दुबे सरांनी सात सांगितले. वरिष्ठ बाई म्हणाल्या, सहा. रेडिओवर ‘एक्स-ट्रॉर’ असं एकत्रच बोलतात. मीनाक्षी म्हणाली, “दोन्ही चालतात. आणि काही लोक तर पाचात उरकतात.”

दुबे सर उसळले. “चालतात म्हणजे? शब्द आहे की भाजी? संस्कृतात ‘बृहस्पति’ म्हणा, चारच अक्षरं. कुणी तीन करून दाखवावीत.”

“सर, तोंडं वेगळी असतात,” मीनाक्षी फिरतफिरत म्हणाली. “सांधे बघा ना. सांधे नाही बदलत. एक्स्ट्रा, ऑर्डिन, एरी, ली. फक्त ‘ऑर्डिनरी’च्या शेवटी वाय होता, ‘ली’ आली तर त्याचा आय झाला.”

दुबे सरांचा चहाचा कप हातात तसाच राहिला. “फिर से कहिए.”

तिनं पुन्हा सांगितलं.

“म्हणजे ‘य’चा ‘इ’?”

“हां सर.”

“आमच्याकडे ‘इ’चा ‘य’ होतो. इति अधिक आदि, इत्यादि. प्रति अधिक एक, प्रत्येक.” त्यांनी कप खाली ठेवला. “तिकडे उलटं चाललंय!” आणि म्हातारा माणूस लहान मुलासारखा हसायला लागला. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ते मीनाक्षीला हाक मारून बोलवायचे. उपसर्ग, प्रकृती, प्रत्यय. हा शब्द फोडा, तो शब्द फोडा. ती उभी राहून फोडायची, ते बसून. मी डबा खाताखाता ऐकायची. बेरजा-वजाबाक्यांच्या बाहेर दोन माणसांना इतका आनंद होताना मी शाळेत क्वचितच पाहिला होता.

हिवाळ्यात, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली असताना, नवीन बाई आल्या. राठोड मॅडम. बदलीची ऑर्डर हातात, कडेवर लहान मूल, बरोबर नवरा. चांगल्या होत्या. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मैंने किसी की जगह नहीं माँगी थी. मुझे तो बस घर के पास आना था.” त्यात खोटं काही नव्हतं. त्या तासाला मीनाक्षी वर्गात होती. शिपाई दारात आला आणि त्यानं पहिल्यांदाच ‘एक्स्ट्रा मॅडम’ म्हटलं नाही. म्हणाला, “तायडे मॅडम, प्राचार्यजी बुला रहे हैं.”

मी कार्यालयात हजेरीपटावर सही करायला गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. नजर टेबलावर ठेवून त्यांनी नियम सांगितला. आजपासून सेवा समाप्त.

“सर, शब्द अर्धा फळ्यावर आहे,” मीनाक्षी म्हणाली. “तास तरी संपवून येते.”

“मैडम, ज्वाइनिंग हो गई. अब आप स्टाफ में नहीं हैं. कल को कुछ हो गया तो जवाब मुझे देना पड़ेगा.”

“शिकवताना काय होणार सर?”

त्यांनी समोरची फाइल मिटली. मीनाक्षी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती आणि तिचा पाय हलत होता, पण बाकीची ती अगदी स्तब्ध होती. मला ते बघवेना. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून दुबे सर आत आले. ते बाहेर उभे राहून ऐकत होते.

“प्राचार्यजी, बारहवीं में अगला पीरियड किसका है?”

“आपका. संस्कृत.”

“तो मेरा पीरियड, मेरी जिम्मेदारी. आज मैं अतिथि वक्ता बुला रहा हूँ. नियम में मना है?”

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले. दुबे सर मीनाक्षीला म्हणाले, “चलिए बेटी,” आणि तिला घेऊन गेले.

त्या तासाला मी माझा वर्ग सोडून मागच्या बाकावर जाऊन बसले. दुबे सर दारात उभे होते, रखवालदारासारखे. राठोड मॅडमही आल्या, मूल नवऱ्याकडे देऊन. मीनाक्षीनं मुलींना काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलं होतं; शाळेत बातमी शिपायाच्याही आधी पोचते. काही मुली रडत होत्या. तिनं उरलेला शब्द फोडला, हनुवटीला हात लावून घास मोजले, सांधे मोकळे केले. एकदाही थांबली नाही, एकदाही बसली नाही. घंटा झाली तशी तिनं फळा पुसला, पिशवी खांद्याला लावली आणि राठोड मॅडमच्या हातात उरलेला खडू ठेवला. “ममता लांब शब्दाला वळसा घालते,” एवढंच म्हणाली. “तिला वळू देऊ नका.”

फाटकापर्यंत मी गेले तिच्याबरोबर. मला वाटलं, ती रडेल. ती स्टेशनच्या बाजूला इतक्या भराभरा चालायला लागली की मला गाठता येईना.

चार दिवस गेले नाहीत तोच तिचा फोन. “ताई, रविवारी तापीवरच्या राजघाटावर मुलींना पाठवशील? मी येते. कुणाच्या बापाचा घाट आहे का? तिथं तर कुणी अतिथी नाही.”

गावातल्या मुली येणं सोपं होतं. वसतिगृहाच्या अधीक्षिकेनं मात्र अट घातली की शाळेची कायमची बाई सोबत असेल तरच मुली बाहेर पडतील. म्हणून मी जायला लागले. थंडीचे दिवस, तापी सावकाश वाहणारी, घाटासमोर पाण्यात कोरलेला जुना दगडी हत्ती उन्हात वाळत असलेला. वरच्या पायऱ्यांवर बायका कपडे आपटायच्या आणि खालच्या पायऱ्यांवर मुली ओरडायच्या. मीनाक्षी पायऱ्या चढत-उतरत शिकवायची. शाल अंगावरून पडायची, ती उचलायची, पुन्हा पडायची. मध्येच पाण्यापर्यंत जायची, तिथून ओरडून प्रश्न विचारायची. वडलांना दमा होता, घरी एकटे होते. म्हणून तिचं लक्ष सारखं मोबाईलवर असायचं. दुपारची गाडी चुकली तर बससाठी धावपळ. मी म्हणायची, “मीनाक्षी, इतकी ओढाताण कशाला? राठोड चांगली शिकवते.”

“शिकवते ना. मी मना कुठं करते?” ती म्हणायची. “पण ताई, ममताचं अजून तोंड उघडलं नाही.”

ते उघडलं त्या दिवशी मी होते. ममताला तिनं इंग्रजी वर्तमानपत्राचा तुकडा दिला होता, खास काही नाही, कुठल्यातरी गावच्या बायकांच्या बचतगटाची बातमी. ममता पायरीवर उभी राहून वाचत होती. वाचतावाचता थांबली. समोर ‘इंडिपेन्डन्टली’ होता. ती वळसा घालणार असं मला वाटलं. तिचे डोळे पुढच्या ओळीवर गेलेले मी पाहिले. मग ते परत आले. तिनं हात हनुवटीखाली नेला, पण वाचायच्या आधी खाली घेतला.

“डिपेंड,” ती हळूच म्हणाली. “मतलब किसी के भरोसे. उसके आगे ‘इन’. तो... किसी के भरोसे नहीं. और ‘ली’.” तिनं वर पाहिलं. “मॅडम, मतलब बायका खुद से कर रहे हैं. किसी के भरोसे के बिना.”

आणि मग तिनं तो शब्द अख्खा वाचला. न तोडता. पुढची ओळ वाचली, त्याच्या पुढची वाचली, तुकडा संपला तरी मागच्या बाजूची जाहिरात वाचायला लागली. मुली टाळ्या पिटायला लागल्या. मीनाक्षी कुठं आहे म्हणून मी पाहिलं, तर ती पाठ फिरवून पार खाली घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती, चपलांसकट. परत आली तेव्हा तिच्या सलवारीचा काठ भिजलेला होता आणि चेहरा धुतलेला. “हां, पुढचा कोण?” म्हणाली.

ममता पास झाली. फार गुण नव्हते, पण पास. आता ती खंडव्याला नर्सिंगचं शिकते. वडील तिला सोडायला गेले तेव्हा जाताना शाळेत पेढे देऊन गेले. पेढे मी घेतले. मीनाक्षी तेव्हा शाळेत नव्हती.

पावसाळ्यात राठोड मॅडम लांबच्या रजेवर गेल्या. दुसरं बाळ येणार होतं. जागा पुन्हा रिकामी झाली. प्राचार्यांनी स्वतः मीनाक्षीला फोन केला. आम्ही सगळ्या खूश. दुबे सर निवृत्त झाले होते, तरी खास त्या दिवशी शाळेत आले. मीनाक्षी आली, प्राचार्यांना भेटली आणि नाही म्हणून बाहेर आली.

मला इतका राग आला. वऱ्हांड्यातच मी तिला धरलं. “डोकं फिरलंय का तुझं? घरात वडील आजारी. दुसरीकडे कुठं तुला बोलावलंय का?”

“नाही.”

“मग?”

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. “ताई, अतिथी म्हणजे पाहुणा ना? पाहुणा किती वर्षं राहतो एका घरी? आणि दर वर्षी त्यानं विचारायचं, येऊ का, येऊ का.” ओढणीचं टोक तिच्या हातातून सुटलं. “मी रात्रभर, म्हणजे बाबांना पण सांगितलं नाही. ते म्हणतील, काहून नाही म्हटलं. मले पण नाही मालूम काहून म्हटलं. पण तोंडातून निघून गेलं.”

“परत जाऊन हो म्हण.”

“नाही म्हणत.”

“मग करशील काय?”

“भीती वाटते,” ती म्हणाली. हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. “खूप भीती वाटते ताई. पण मी जाते.”

दुबे सर बाकावर बसून हे सगळं पाहत होते. मला वाटलं, ते समजावतील. ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “जाओ. डिक्शनरी साथ रखना.” बस्स. मला त्यांचाही राग आला. आज वाटतं, त्या वऱ्हांड्यात तिला ओळखणारे ते एकटेच होते.

पुढं तिच्याशी भेट कमी झाली. फोनवर तुटक बातम्या यायच्या. नेपानगरला क्वार्टरच्या पडवीत तिनं वर्ग सुरू केला होता. सुरुवातीला शेजारच्या दोन मुली, मग त्यांच्या मैत्रिणी. वडील दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि उशिरा येणारीला रागवायचे. मध्ये पडवीचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा वर्ग कारखान्याच्या जुन्या मैदानात झाडाखाली भरला. मग वडील गेले. ते मला फार उशिरा कळलं. मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, “ताई, नंतर करू का? मुली बसल्यात.” नंतर तिचा फोन आला नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून मीही केला नाही, किंवा मला काय बोलावं ते कळलं नाही म्हणून.

गेल्या वर्षी मी माझ्या लेकीकडे खंडव्याला गेले होते. परतीची गाडी सकाळची. नेपानगरला गाडी थांबली आणि डब्यात एकदम गोंधळ झाला. गणवेशातल्या मुली, हातात पॅड, पारदर्शक पिशव्यांत पेन. बुऱ्हाणपूरला परीक्षेचं केंद्र होतं. धक्काबुक्की, हाका, कुणाची वेणी सुटलेली, कुणी अजून पुटपुटत पाठ करत असलेली. मी खिडकीतून बघितलं तर मीनाक्षी प्लॅटफॉर्मवर होती.

केस थोडे पांढरे झाले होते. ती एकेका मुलीला पाठीला हात लावून डब्यात ढकलत होती. एक मागे राहिलेली जिन्यावरून पळत येत होती, तर हीच धावत जाऊन तिला हाताला धरून घेऊन आली. गाडीनं शिट्टी दिली. मी खिडकीच्या गजांना तोंड लावून ओरडले, “मीनाक्षी! ए मीनाक्षी!” आवाज तिच्यापर्यंत गेला नसावा. ती माझ्या पुढच्या खिडकीशी होती, आत हात घालून कुणाच्या तरी गालाला लावत होती. “पाणी पी. आधी पूर्ण पेपर वाच. घाबरू नको गं, मी काय सांगितलं होतं?”

गाडी हलली. ती गाडीबरोबर चालायला लागली. एक खिडकी, दुसरी खिडकी. आतल्या मुली तिच्याकडे बघून हात हलवत होत्या आणि ती प्रत्येकीला काहीतरी सांगत होती. गाडीनं वेग घेतला तशी ती पळायला लागली. माझी खिडकी तिच्या शेजारून गेली, अगदी हाताच्या अंतरावरून. तिनं मला पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा सगळा उजळला, तोंड उघडलं. पण त्याच वेळी मागच्या डब्यातून कुणीतरी “मॅडम” म्हणून हाक मारली आणि ती तिकडे वळली.

मी गजांना गाल टेकवून मागे बघत राहिले. प्लॅटफॉर्म संपला होता. ती त्याच्या उतारावरून खाली रुळांलगतच्या खडीपर्यंत आली होती, आणि तरीही पुढे येत होती.